गाण्याआधीचा एक तास मंच वादकांना द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की ग्वाल्हेरात गाण्याचा मोसम सुरू होतो. डिसेंबरात तानसेन समारोह, आणि त्याच्या मागेपुढे शहराच्या लष्कर भागातल्या मंडळांचे, संस्थांचे कार्यक्रम नि घरगुती बैठका. दरवर्षी याच दिवसांत श्रोत्यांची एक तक्रार कानी येते : पत्रिकेत सात छापतात, गाणे आठला सुरू होते, आणि त्यातही पहिली पंधरा मिनिटे तबल्याची ठोकाठोक ऐकावी लागते. तक्रार खरी आहे. मात्र दोष वादकांवर टाकला जातो, ते बरोबर नाही. आम्ही इथे तबला, हार्मोनिअम आणि तानपुऱ्याची साथ करणारे काही जण आहोत. आमचे मागणे एवढेच की कार्यक्रमाआधी एक पूर्ण तास मंच वादकांच्या ताब्यात असावा, आणि वाद्ये एकदा जुळली की गाणे सुरू होईपर्यंत मध्ये दुसरे काहीही घालू नये. हे लाड नाहीत, हवेचा आणि कातड्याचा हिशेब आहे. तो आयोजकांपर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र.

ग्वाल्हेरात जानेवारीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, धुके पडते. कार्यक्रम बहुधा लॉनवर किंवा अंगणात, उघड्यावर असतो. कलाकारांना बसायला दिलेल्या खोलीत हीटर चालू असतो. तिथली हवा गरम आणि कोरडी, बाहेरची थंड आणि दमट. तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावर मढवलेले पान, बकऱ्याच्या कातड्याची. कोरड्या हवेत कातडे आवळते आणि सूर चढतो; दमट हवेत ते ओल पिते, सैल पडते आणि सूर उतरतो. तानपुऱ्याचे नेमके उलटे. थंडीत पोलादाची तार आकुंचन पावते, ताण वाढतो आणि सूर चढतो. म्हणजे खोलीत अगदी एकजीव झालेला तबला-तानपुरा मंचावर नेला, की दहा मिनिटांत तबला खाली आणि तानपुरा वर जातो. हार्मोनिअमचे पितळी सूर, म्हणजे आतल्या पात्या, जवळपास जागच्या जागी राहतात. तिघे तीन ठिकाणी, आणि त्यांच्या मधोमध गाणारा माणूस.

फरक किती पडतो? तापमान दहा अंशांनी उतरले तर तानपुऱ्याची जोडी, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा, अर्ध्या स्वराच्या साधारण चौथ्या हिश्शाने चढते. खर्जाची शेवटची तार याहून जास्त हलते, कारण ती पितळेची असते आणि पितळ पोलादापेक्षा जास्त आकुंचन पावते. शिवाय ती मुळात कमी ताणलेली असते, म्हणून ताणातला थोडा बदलही तिला पुरतो. आणखी एक अडचण अशी की बारीक तार मिनिटभरात गार होते, पण दांडी आणि भोपळा गार व्हायला अर्धा तास लागतो. त्यामुळे मंचावर येताच लावलेला तानपुरा वीस मिनिटांनी पुन्हा पाहावा लागतो. यात लावणाऱ्याचा कान कच्चा नसतो, लाकूड अजून निवत असते. जवारीचे सूत, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला दोराही मग नव्या जागी सरकवावे लागते, नाहीतर सूर जुळतो पण झंकार उघडत नाही. हे काम घाईचे नाही. सूत केसभर पुढेमागे करायचे, ऐकायचे, परत करायचे. चार तारांचे दोन तानपुरे म्हणजे आठ वेळा हेच.

तबल्याचे काम वेगळे. मोठा फरक असेल तर वादीखालचे लाकडी गठ्ठे खाली-वर करायचे, थोडा असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर, हातोडी : वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. गजऱ्यावर वाद्यांमधली सोळा घरे असतात आणि एका घरानंतर त्याच्या समोरचे घर घ्यायचे असते, कारण एकाच बाजूने ठोकत गेले तर पुडी तिरपी ताणली जाते आणि चाटेचा, म्हणजे पुडीच्या काठाचा, सूर फिरताना तुटतो. बसल्या बैठकीला एक तबला अर्धा, फार तर एक स्वर नीट चढतो-उतरतो. त्यापुढे नेला तर उतरताना तो बद्द बोलतो आणि चढवताना पुडी फाटते. ओल शाईलाही लागते. शाई म्हणजे पुडीवरचा काळा गोल, लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थरावर थर घोटून बसवलेले लेपण. दव पडून तिचे दाणे एकदा सुटू लागले की त्या पुडीचा नाद परत येत नाही, नवी पुडी चढवावी लागते. हीटरला अगदी लागून ठेवलेल्या तबल्याची शाई तडकते, तेही तितकेच वाईट. अनेक आयोजक प्रेमाने म्हणतात, 'तबला जरा शेकून घ्या.' शेकून चढवलेला सूर टिकत नाही. मंचावर गेल्यावर तो आधीपेक्षाही भरभर उतरतो.

पूर्वी मंचावर हॅलोजनचे दिवे असत. त्यांच्या उष्णतेने पुडी आपोआप सुकत राहायची आणि जुने तबलजी त्याचा अंदाज धरून तबला किंचित उतरा ठेवत. आता सगळीकडे एलईडी आले. वीज वाचते, डोळ्यांना बरे, पण त्यांची ऊब मंचापर्यंत येत नाही. उघड्यावरच्या कार्यक्रमात तबला आता उतरतच राहतो. हा बदल पुष्कळांच्या ध्यानात आलेला नाही.

यावर उपाय स्वस्तातले आहेत. दव उघड्या आकाशाखाली पडते, म्हणून मंचावर नुसते कापडी छत आणि तीन बाजूंनी कनात असली तरी निम्मे काम होते. गादीखाली तट्ट्या किंवा जाड सतरंजी हवी, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. ज्या लॉनवर कार्यक्रम आहे तिथे त्या दिवशी पाणी मारू नये. संध्याकाळी हिरवळ ताजी दिसावी म्हणून चार वाजता पाइप सोडतात आणि सात वाजता तीच ओल तबल्यात बसते. हीटर ठेवायचा तर वादकांच्या पाठीमागे चार-पाच फुटांवर, वाद्यांकडे तोंड न करता, आणि त्याची वीज ध्वनिव्यवस्थेच्या लाइनवरून घेऊ नये. वाद्ये कार्यक्रमाच्या दीड तास आधी गवसणीतच मंचावर आणून ठेवावीत, म्हणजे ती तिथल्या हवेला सरावतात. मगच सूर लावायचे.

आता मुख्य गाऱ्हाणे. एवढे सगळे करून साडेसहाला वाद्ये जुळतात आणि मग दीपप्रज्वलन, सरस्वतीवंदना, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे दोन शब्द. चाळीस मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात वाद्ये उघडी पडलेली असतात, तबलजीची बोटे गारठतात, गाणाऱ्याचा तापवलेला गळा पुन्हा बसतो. श्रोत्यांना जी ठोकाठोक ऐकू येते ती या चाळीस मिनिटांची किंमत आहे. सत्कार जरूर करावेत. ते मध्यंतरात करा, किंवा वाद्ये मंचावर येण्याआधी उरका. सूर लागला की लगेच 'सा' निघाला पाहिजे.

गारठलेल्या बोटांबद्दल थोडे. तबल्यावर थेट द्रुत रेला, म्हणजे भरभर धावणारे बोल, वाजवायला गेले तर थंडीत मनगट धरते आणि बोल फाटतात. वादक आधी विलंबित लयीत एखादा साधा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, दहा मिनिटे घोळवतो, मग दुगुन, मग चौगुन. 'तिरकिट' स्वच्छ पडू लागले की हात तयार झाला. गायकालाही मंद्रातला खर्ज भरायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. यासाठी एक शांत खोली पुरे, फक्त तिथे पाहुण्यांची वर्दळ आणि मोबाइलवरचे फोटो थोडे आवरावेत. आणि वाद्ये लागत असताना मांडवात स्पीकरवर सिनेमाची गाणी वाजत असतात ती बंद ठेवावीत. वेगळ्या पट्टीतले गाणे कानावर आदळत असताना तानपुरा लावणे फार कठीण जाते.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गायक कुठला स्वर षड्ज धरतो त्याची. बाहेरगावचे गायक येतात आणि स्थानिक साथीदाराची त्यांच्याशी पहिली भेट मंचावरच होते. पट्टी दोन दिवस आधी कळली तर तबलजी योग्य तबले घेऊन येईल. पुरुष गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गात असेल तर सव्वापाच-साडेपाच इंची तोंडाचा तबला षड्जात लागतो. गायिका काळी चारमध्ये गात असतील तर एकतर सहा इंचांच्या आसपासचा मोठ्या तोंडाचा तबला हवा, नाहीतर तोच काळी एकचा तबला त्यांच्या मध्यमात धरता येतो. पण रागात शुद्ध मध्यमच नसेल, भूप किंवा यमन असेल, तर मध्यमातला तबला सतत खटकत राहतो. म्हणून नुसती पट्टी नव्हे, रागही कळवावा. मालकंस असेल तर तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात घ्यावी लागते, मारव्याला निषादात. मैफलीत दोन राग असे लागोपाठ आले तर एक तानपुरा वेगळा लावून ठेवणे सोयीचे, आणि तो कुठून आणायचा हे ऐन वेळी ठरत नाही. सतार-सरोदवाल्यांची तर याहून मोठी गरज असते. सतारीच्या तरफांच्याच, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या, अकरा ते तेरा तारा रागाप्रमाणे बदलाव्या लागतात.

ताल आणि लयही बोलून घ्यावी. आपल्या ग्वाल्हेर गायकीत तिलवाडा, झुमरा किंवा एकताल मध्यविलंबित लयीत असतो, अस्थायी-अंतरा पूर्ण मांडला जातो. दुसऱ्या घराण्याचा गायक तोच एकताल इतका संथ घेतो की एक आवर्तन मिनिटभर चालते. ठेका तोच, पण मात्रेमधली पोकळी भरण्याची पद्धत वेगळी. दहा मिनिटे समोरासमोर बसून मुखडा ऐकला की समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, खूण मिळते, आणि पहिली तीन आवर्तने एकमेकांना चाचपण्यात जात नाहीत.

हल्ली विचारतात, मोबाइलवर तानपुरा असताना खऱ्या तानपुऱ्याचा खटाटोप कशाला? घरच्या रियाजाला तो चांगला आहे, आम्हीही वापरतो. पण तो कुठल्याही हवेत हलत नाही, खरा तानपुरा हलतो. दोन्ही एकदम चालू ठेवले तर थोड्याच वेळात त्यांच्यात डोल येतो. हार्मोनिअमचेही तेच. पेटीचा धैवत ४४२ वर आणि यंत्राचा ४४० वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, आणि गाणाऱ्याला वाटते आपलाच सूर हलतो आहे. पेटी ऐन वेळी बदलत नाही, म्हणून यंत्र पेटीशी जुळवून घ्यावे. बारीक फरकाची सोय त्यात असते. खरे तानपुरे असतील तर यंत्र सरळ बंद ठेवावे.

ध्वनिव्यवस्थेबद्दल थोडक्यात. मंचावर वादकांसाठी निदान दोन मॉनिटर हवेत. श्रोत्यांकडे तोंड केलेला स्पीकर दहा मीटरवर असेल तर त्याचा आवाज वादकाला तीस मिलिसेकंद उशिरा येतो. द्रुतात मात्रेला चार बोल पडू लागले की दोन बोलांतले अंतरच पन्नास-साठ मिलिसेकंद उरते. मग उशिराचा आवाज ऐकून वाजवणारा मागे पडणारच. तबल्याला दोन मायक्रोफोन, वीतभर उंचीवर. डग्ग्याला फार जवळ लावला तर घुमारा फुगतो आणि बोल बुडतात. तानपुऱ्याचा मायक्रोफोन घोडीच्या बाजूला. गाणाऱ्याच्या आवाजावर एको नको, तानेतले दाणे त्यात विरघळतात. गायक, तबला आणि पेटी दीड मीटरच्या आत बसावेत. फोटो छान यावा म्हणून त्यांना मंचभर पसरवू नये. बैठकीसाठी १२ बाय ८ फुटांची चौकी पुरते. गादी पातळ हवी, कारण जाड गादीत डग्गा कलंडतो.

ग्वाल्हेरला २०२३ मध्ये युनेस्कोने संगीतनगरी म्हणून मान दिला. इथे शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ पासून आणि माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून विद्यार्थी घडवत आले आहेत. या गावात साथीला बसणाऱ्या तरुण मुलांना पहिल्याच कार्यक्रमात, थंडीत, न जुळलेल्या वाद्यांवर आणि मागून 'लवकर करा' अशी घाई होत असताना वाजवावे लागते. ती मुले घाबरतात आणि श्रोते त्यांनाच बेसूर म्हणतात. याचे आम्हाला फार वाईट वाटते. जाता जाता एवढेच, की साथीदाराचे नाव पत्रिकेत छापावे आणि त्याचे मानधन त्याच रात्री द्यावे.

मोसमाच्या पत्रिका आता छापायला जात असतील. कार्यक्रम सातचा असेल तर मांडव आणि ध्वनिव्यवस्था साडेचारला तयार असावी, वाद्ये साडेपाचला मंचावर यावीत, पावणेसहा ते पावणेसात मंच वादकांचा. मान्यवरांना सहाची वेळ द्यावी आणि सत्कार दुसऱ्या जागी, नाहीतर मध्यंतरात करावेत. सात वाजता तानपुरा सुरू झालेला असेल.

आपले,
साथसंगत करणारे काही वादक
लष्कर, ग्वाल्हेर