सुहास, घर घ्यावं का?

कोलंबस, इंडियाना
रविवार, रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे आहेत तसेच, बाबांची साखर आटोक्यात. तुझ्या दिवाळीच्या मेसेजला उत्तर गेलं नाही म्हणून रागावला असशील तर राग बाजूला ठेव आणि हे पत्र नीट, कागद-पेन घेऊन वाच. फोनच करणार होतो. पण ह्यात आकडे आहेत, आणि फोनवर तू दुसऱ्या आकड्यालाच सल्ला सुरू करतोस.

आम्ही घर मागितलंय. जेनिंग्ज कौंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, नॉर्थ व्हर्ननच्या थोडं पुढे, पाच एकरांवर तीन बेडरूमचं. किंमत दोन लाख चाळीस हजार डॉलर. मालकाचा होकार आलाय. बुधवारपर्यंत तपासणीच्या अटीखाली माघार घेता येते, नंतर बयाणा बुडतो. कोलंबसात तसंच घर पाव एकरावर तीन लाख दहा हजारांना पडतं. कंपनीतली पुण्याची सगळी मंडळी म्हणतात, डोळे मिटून घे. दिग्या तर ह्यूस्टनहून रोज विचारतो, सही झाली का. तपासणीचा अहवाल काल आला, आणि त्यातलं एक पान तुझ्याशिवाय कुणाला समजावून सांगायचं हे मला कळत नाही.

ते पान सेप्टिकचं आहे. इथे गावाबाहेर ड्रेनेजची लाइन नसते. घरामागे हजार गॅलनची टाकी, आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवायला भोकं पाडलेल्या पायपांचं जाळं. वाळव्यात क्षारपड जमिनीखाली तू ज्या पायपा टाकतोस तशाच, फक्त काम उलटं: तुझ्या पायपा पाणी ओढून घेतात, ह्या पाणी सोडतात. आता ह्या भागातली जमीन ऐक. सपाट, राखाडी, पिठासारख्या बारीक मातीची. कॉब्सफोर्क, क्लेरमाँट अशी नावं आहेत. खाली घट्ट थर, पाणी उतरूच देत नाही. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत पाणी वरच्या वर साचून राहतं. पर्ड्यू विद्यापीठाचं संशोधन केंद्र ह्याच कौंटीत बटलरव्हिलजवळ आहे, आणि तिथे ५, १० आणि २० मीटर अंतरावर निचऱ्याच्या पायपा टाकून १९८० च्या दशकात मोजमापं सुरू झाली. तुझा जीव रमेल अशी जागा आहे.

आता मुद्दा. टाकीचं झाकण उघडल्यावर पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पायपाच्या तळाशी असायला हवी. वर असेल तर जमीन पाणी घेत नाही असा अर्थ. खाली असेल तर टाकी गळते किंवा नुकतीच उपसलेली आहे. ह्या घराची टाकी मालकाने तपासणीच्या आधीच उपसून घेतली. आणि घर उन्हाळ्यापासून रिकामं. चार माणसं राहत असती तर रोज दोनशे गॅलन धरून पाचेक दिवसांत पातळी वर आली असती. इथे कुणी नळच सोडलेला नाही. तपासनीसाने लिहिलंय, ‘बिघाडाची चिन्हं दिसली नाहीत.’ दिसणार कुठून? त्याच पानावर खाली फोटो आहे. कोरड्या ऑक्टोबरमध्ये सगळं गवत पिवळं, आणि टाकीच्या ईशान्येला एक लांबट पट्टा हिरवागार. तो फोटो बघितल्यापासून झोप नाही. जाळं निकामी असेल तर नवं घालायला पंधरा ते तीस हजार डॉलर, आणि अशा मातीत बहुतेक वेळा भर घालून उंचवट्यावरच बांधायला लावतात, पंपासकट.

इथे परवान्यासाठी खड्ड्यात पाणी ओतून घड्याळ लावत बसत नाहीत. मृदाशास्त्रज्ञ पाच फुटांपर्यंत गिरमिटाने माती काढतो आणि राखाडी-तांबूस ठिपके किती खोलीवर सुरू होतात ते बघतो. ठिपके जिथे, तिथपर्यंत पाणी चढतं. जाळ्याभोवती चर खणून निचरा करता येतो, पण त्या चराला उतारावर तोंड हवं, आणि ह्या पाच एकरांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दोन फूट उतार आहे. शेवटी तुला एक प्रश्न विचारलाय, तो ह्याच बाबतीत.

आता पैसे. वीस टक्के रोख भरून साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचं कर्ज धर. सत्तर हजारांच्या फरकातले छप्पन हजार कर्जातून कमी होतात, म्हणजे महिना ३५४ डॉलर, वर्षाला सव्वाचार हजार. सगळे बघतात तो आकडा हा. त्यातून वजा करत जा. कंपनी बावीसेक मैलांवर, स्टेट रोड ७ ने. वर्षाचे २३० दिवस जाऊन-येऊन केले तर दहा हजार मैल. कोलंबसात राहून दोन-अडीच हजार. आठ हजार मैल जास्त. सरकारी दर २०२५ साली मैलाला ७० सेंट होता, त्यात गाडीची झीज, विमा सगळं येतं. गाडी दारात आहेच म्हणून नुसतं पेट्रोल, टायर, तेल आणि उतरलेली किंमत ह्यांचे ३५ सेंट धरले, तरी २,८०० गेले. घर तापवायला पाइपच्या गॅसऐवजी टाकीतला प्रोपेन, त्याचे आठ-नऊशे. सेप्टिकचा उपसा चार वर्षांतून एकदा, वर्षाला शंभर. राहिले साडेचारशे-साडेपाचशे डॉलर. आमच्या हिने, ऋजुताने, कोलंबसात नोकरी धरली आणि तीही रोज गाडी काढायला लागली, की हिशोब उणे.

बुधगावची खोली आठवते? विश्रामबागेपेक्षा निम्म्या भाड्याची म्हणून तू अख्खं सेमिस्टर माझ्याशी भांडलास, आणि एसटीच्या पासाचे पैसे शेवटपर्यंत हिशोबात धरू दिले नाहीस. आता तू म्हणशील की पोहे स्वस्त होते. होते, मान्य! वादातला तेवढा भाग मी आज सोडतो.

प्रोपेनचं थोडं सविस्तर लिहितो, कारण तुला आवडेल. पाचशे गॅलनची टाकी चारशेच भरतात, उन्हाळ्यात प्रसरणाला जागा हवी म्हणून. टाकी भाड्याची असेल तर त्याच कंपनीकडून भरून घ्यावी लागते, म्हणून आधी विचारायचं, टाकी कुणाची. एका गॅलनात ९१,५०० बीटीयू, म्हणजे उष्णतेची इथली एककं. चांगल्या भट्टीतून ८७,००० घरात येतात. विजेच्या युनिटात ३,४१२, पण हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी, अडीच पट उष्णता देतो, म्हणजे साडेआठ हजार. एक गॅलन म्हणजे दहा युनिटं. पंधरा सेंटांनी दीड डॉलर. प्रोपेन दीड डॉलरच्या वर गेलं की पंप स्वस्त. पण बाहेर उणे बारा अंश झाले की पंप दीड पटीवर येतो, त्याच गॅलनाला सतरा युनिटं लागतात, मग प्रोपेनच बरं. दोन्ही ठेवायचं आणि अदलाबदलीचं तापमान आपण ठरवायचं. हा भाग सुटण्यासारखा आहे. तळघरातला पाणी उपसायचा पंप मात्र विजेवर, आणि वादळात वीज जाणं आणि पाऊस येणं एकदमच होतं. त्याला बॅटरीचा जोडपंप नसेल तर तळघर भरतं. ह्या घरात नाहीये.

करांत एक खाच आहे. राहत्या घरावर कराची कमाल मर्यादा किमतीच्या एक टक्का, पण ती घर आणि भोवतालच्या एका एकरापुरती. उरलेल्या चार एकरांना त्याहून जास्त. जुन्या मालकाच्या सवलती त्याच्याबरोबर जातात, म्हणून त्याचं बिल बघून आपलं ठरवू नये. आणि कौंटीचा प्राप्तिकर एक जानेवारीला तू कुठे राहतोस त्यावर वर्षभराचा ठरतो, दोन कौंटींचे दर सारखे नाहीत. एजंट डिसेंबरच्या अखेरीस ताबा घ्या म्हणून मागे लागलाय. आठवडाभर पुढे ढकललं तर कुणाचं काय बिघडतं?

सगळे सांगतात ते खेड्यातलं शून्य टक्के रोखीचं यूएसडीएचं, म्हणजे इथल्या कृषिखात्याचं, कर्ज आपल्याला नाही. त्याला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला लागतो. एफएचए ह्या सरकारी हमीच्या कर्जाचं दारही मे २०२५ पासून एच-वन-बीवाल्यांना बंद. आम्हाला साधं बँकेचं कर्ज मिळतं, ते ठीक. पण विकताना बघ. तिथे घर घेणारा गिऱ्हाईक बहुतेक यूएसडीएच्याच कर्जावर येणार, आणि ते कर्ज सेप्टिक धड नसेल तर होत नाही. माझी नोकरी गेली तर साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर परत. त्या भागात माझ्या कामाचा दुसरा मालक नाही. भाड्याचं घर असेल तर दंड भरून निघता येतं. पाच एकर आणि नादुरुस्त सेप्टिक भर जानेवारीत कुणाच्या गळ्यात घालू? ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज मंजूर आहे, पण रांग तुला माहीत आहे.

आणि तरी सुहास, जागा सुंदर आहे. शेजारी शेतकरी, म्हातारा, चार एकरांतलं गवत कापून नेतो आणि वाटा देतो. मस्काटाटकचं अभयारण्य जवळ, हिवाळ्यात क्रौंचांचे थवे उतरतात. आईला भाजीचा वाफा हवाय, तो मिळेल. बाबांना मात्र संध्याकाळी पायी कुठे जाता येणार नाही. रस्त्याला कडच नाही, पन्नास मैलांच्या वेगाने ट्रक जातात. कोलंबसात ते चालत ग्रंथालयापर्यंत जातात, वाटेत कुणीतरी मराठी भेटतंच. ते सहा महिने इकडे असतात त्यातले चार थंडीचे. ऋजुता दिवसभर, ते दोघं, आणि खिडकीतून मक्याचा कडबा. हा आकडा मला कुठल्याच रकान्यात घालता येत नाही, आणि मला वाटतं खरा निर्णय तिथेच आहे.

दवाखानाही बघितला. छोट्या कौंट्यांतली रुग्णालयं बहुतेक पंचवीस खाटांच्या आतली. आपत्कालीन विभाग चोवीस तास, पण हृदय किंवा बाळंतपण म्हटलं की मोठ्या गावी. आमच्यासाठी ते कोलंबसच, बावीस मैल. बर्फात कौंटी रस्ते स्टेट रोडनंतर साफ होतात, आणि लाल इशारा लागला की आणीबाणीच्या गाड्यांशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. विम्यासाठी अग्निशमन केंद्र पाच मैलांच्या आत आणि पाण्याचा नळखांब हजार फुटांच्या आत आहे का हे विचारतात. पहिलं आहे, दुसरं नाही, त्यामुळे हप्ता चढा. वाऱ्याच्या दिशेला डुकरांचं मोठं फार्म येणार का, हेही बघितलं. सहाशे डुकरांच्या वर राज्याची परवानगी लागते, त्यामुळे नोंदी सापडतात. सध्या जवळ काही नाही. उद्या आलं तर शेतीविरुद्ध दावा लावणं इथल्या कायद्यात अवघड आहे.

तर मी असं ठरवतोय. उद्या मालकाला लेखी मागणी: मुदत दोन आठवडे वाढवा, टाकीत भरपूर पाणी सोडून जाळ्याची खरी परीक्षा घेऊ द्या, आणि मृदाशास्त्रज्ञाला दोन ठिकाणी गिरमिट लावू द्या, एक हिरव्या पट्ट्यात, एक नव्या जाळ्यासाठीच्या राखीव जागेत. खर्च माझा. नाही म्हणाला तर बुधवारी माघार. हो म्हणाला आणि जमीन चांगली निघाली, तरी ऋजुता आणि आई-बाबांशी बसून बोलल्याशिवाय सही नाही. नॉर्थ व्हर्ननमध्ये एक हिवाळा भाड्याने राहून बघू, असं ऋजुताचं म्हणणं आहे. घर हातचं जाईल, पण मला ते पटायला लागलंय.

वैशालीवहिनींची बदली झाली का? आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं ते कळव. तुझ्या ड्रोनच्या धंद्याबद्दल दिग्याकडून उडत उडत कळलं. त्यावर वेगळं भांडू.

प्रश्न हा. शंभर मीटरला साठ सेंटिमीटरचा उतार, खालचा थर अडीच फुटांवर, आणि पाणी सोडायला रस्त्याकडेचा चर फक्त तीन फूट खोल. एवढ्यावर जाळ्याभोवतीचा निचरा चालेल का, की चराचंच पाणी वसंतात उलटं आत येईल? फोटो आणि लेव्हलचे आकडे व्हॉट्सॲपवर टाकलेत. मंगळवारी रात्रीच्या आत सांग, तुमच्या बुधवारच्या सकाळी चालेल.

तुझा,
अविनाश