करिअर पुरवणीत न आलेले करिअर

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या करिअर पुरवणीत समाजशास्त्राला मोजून चार ओळी मिळाल्या, त्याही ‘स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त’ एवढ्याच. आरोग्याच्या पानावर डॉक्टर, नर्सिंग, फार्मसी सगळे होते. पण आजार कोणत्या जातीत, जमातीत, धर्मात जास्त आणि का, हे शोधणारे समाजशास्त्रज्ञही असतात. त्यांच्या हाताखाली मी गोवंडी-मानखुर्दमध्ये अकरा वर्षे सर्वेक्षक होते.

या वाटेवरचे सुरुवातीचे मोठे नाव म्हणजे अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. हार्वर्डची डॉक्टरेट असूनही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1896 मध्ये त्यांना जेमतेम वर्षभरासाठी नेमले, शिकवायला वर्ग दिला नाही. (आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल!) फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात ते स्वतः सुमारे अडीच हजार घरांत गेले. कृष्णवर्णीय जास्त मरतात ते वंशामुळेच, असे तेव्हा विमा कंपनीचा आकडेतज्ज्ञही छातीठोकपणे लिहीत होता. डू बॉइसनी 1899 च्या ग्रंथात घरे, पाणी आणि मजुरी पुढे केली.

आमच्या कामात हे उंबऱ्यावर कळायचे. जात शेवटी विचारायची, आधी नळ, संडास, बाळाचे लसीचे कार्ड. बैंगनवाडीत एका ताईंनी जात बेधडक सांगितली. मग तांदळाच्या डब्याखालून टीबीच्या गोळ्यांचे कार्ड काढले आणि म्हणाल्या, “जात लिहा बिनधास्त. हे नको लिहू, पोरीचं जमतंय.” मी उलट तयारीने गेले होते. फॉर्मवर नाव नाही, फक्त क्रमांक असतो, हे पटवेपर्यंत चहा गार झाला.

अशा लाखो उंबऱ्यांमागून आकडे येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असते. त्याच्या पाचव्या फेरीत (2019-21) हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे अनुसूचित जाती-जमातींत 41 च्या आसपास, तर अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी सोडून इतरांत सुमारे 28. हा फरक कशाने पडतो, हे नुसत्या रक्त तपासणीत सापडत नाही.

आमच्या मॅडम पीएच.डी. होत्या. प्रकल्प संपला की पगार संपे. मधल्या महिन्यांत त्या क्लासमध्ये शिकवत आणि पुढच्या निधीचे अर्ज भरत. महापालिकेच्या आरोग्य खात्यात वॉर्डवार अशा संशोधकांची कायम पदे असती, तर त्यांचे अर्धे आयुष्य अर्ज लिहिण्यात गेले नसते.

माझी भाची यंदा बारावी झाली आणि तिला हेच करायचे आहे. पुढच्या पुरवणीत या कामाला एक पान द्यावे, ही विनंती. पगाराच्या चौकटीशेजारी करार किती महिन्यांचा असतो, तेही छापावे.

— एक माजी सर्वेक्षक, चेंबूर