बर्बेरिन, पंप आणि काकांची जखम

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. काकांच्या पायाची जखम महिना झाला तरी भरत नाही, कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतला नमुना प्रयोगशाळेत वाढवून बघतात त्या तपासणीत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू वाढला, पेनिसिलिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या दोन्ही प्रतिजैविकांपुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे औषधाला दाद न देणारा, असं लिहून आलंय. आणि तू विचारतोस, प्रतिजैविकाच्या गोळ्या थांबवून बर्बेरिनच्या कॅप्सूल सुरू करू का? आधी उत्तर देतो. गोळ्या थांबवू नकोस. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण ज्या पदार्थाचं नाव तू घेतलंस त्याचीच गोष्ट मला सगळ्यात आवडते.

दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरिन असतं, पिवळंधमक आणि कडू. ते जिवाणूला मारू शकतं, पण स्टॅफिलोकॉकस त्याला आत ठरूच देत नाही. त्याच्या पेशीच्या पडद्यात पंप असतात. त्यांतला नोरए नावाचा पंप आत आलेलं बर्बेरिन उचलून बाहेर फेकतो. सिप्रोफ्लॉक्सासिनलाही तो असाच हुसकावतो. मग झाड हे रसायन उगाच बनवत बसलं का? 2000 साली संशोधकांना याच कुळातल्या झुडपांत आणखी एक पदार्थ सापडला, मेथॉक्सिहिडनोकार्पिन. नाव अवघड आहे, काम सोपं. तो एकटा जिवाणूचं काहीच वाकडं करत नाही, फक्त पंप अडवतो. पंप अडला की बर्बेरिन आत साचतं आणि जिवाणू मरतो. झाड एकाच वेळी मारणाराही बनवतं आणि दार अडवून धरणाराही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एकाच पानावर थांबलो होतो. वनस्पतीतून एकेक पदार्थ सुटा काढून ‘यात दम नाही’ म्हणत बाजूला सारताना आपण असे किती जोडीदार फेकून दिले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता काकांच्या गोळ्या बघ. ॲमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड लिहिलंय ना? तेही निसर्गातूनच आलंय, स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस या मातीतल्या जिवाणूकडून. स्वतः ते फारसं कुणाला मारत नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोडणारं जे विकर (एन्झाइम) जिवाणू सोडतो, त्याला ते जखडून ठेवतं आणि ॲमॉक्सिसिलिनला आपलं काम करता येतं. 1981 पासून ही जोडी वापरात आहे. म्हणजे तू जे शोधतो आहेस, ते काका रोज घेतच आहेत.

पंप अडवणारं औषध मात्र अजून असं हाती आलेलं नाही. सर्पगंधेतलं रेसर्पिन प्रयोगशाळेत नोरए अडवतं, पण त्यासाठी लागेल तेवढं माणसाला देणं धोक्याचं, रक्तदाब कोसळेल. मिरीतलं पायपरिनही सिप्रोफ्लॉक्सासिनचा जोर वाढवतं, तेही काचेच्या ताटलीत. शिवाय पंप हे रेझिस्टन्सचं एकच कारण नसतं. औषध जिथे चिकटतं ती जागाच जिवाणूने बदलली असेल, तर पंप अडवून फारसं साधत नाही.

आणि तुझ्या त्या कॅप्सूल. बर्बेरिन आतड्यातून रक्तात फार थोडं जातं, पायाच्या जखमेपर्यंत पोचणार किती? वर ते साखर उतरवतं. काकांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दोन्ही मिळून साखर एकदम खाली गेली तर रात्री कुणाच्या लक्षातही येणार नाही, याची मला खरी धास्ती वाटते. त्यांनी आधीच एखादी घेतली असेल तर डॉक्टरांना आजच सांग, लपवू नकोस.

रिपोर्टचं दुसरं पान तू पाठवलं नाहीस. त्याचा फोटो पाठव, क्लिंडामायसिन या आणखी एका प्रतिजैविकापुढे काय लिहिलंय ते मला बघायचंय. काकूंना म्हणावं, ड्रेसिंग बदलताना कडा काळपट दिसल्या किंवा लाली वर चढायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. काकांना नमस्कार.

तुझा,
नंदू