बोटीवर जायच्या आधी आमच्या भरलेल्या बॅगा पुन्हा उघडायला लावणाऱ्या काकांना, मनापासून थँक्यू

प्रिय काका,

समोरासमोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता आणि काकूंना चहा टाकायला सांगता, म्हणून हे लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांना तुम्ही आयुष्यभर शिपवर केबिन सांभाळल्यात हेच माहीत नाही, त्यांना वाटतं काका कुठेतरी गल्फमध्ये होते.

आमचं मुंबई-लक्षद्वीप क्रूझचं बुकिंग झालं तेव्हा एजंटने एक पीडीएफ पाठवली, त्यात स्विमिंग पूल, कसिनो, डीजे नाइट सगळं होतं, पण डायबेटिस असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आणि समुद्राला मनातून घाबरणाऱ्या सासूबाईंना घेऊन बोटीवर जायचं तर काय तयारी करायची याची एक ओळ नव्हती. तुम्ही जिन्यात सहज विचारलंत, "केबिन कुठली मिळालीय?" मी म्हटलं अजून चॉइस आहे, आम्ही वरची पुढची घेतोय, व्ह्यू छान येईल. तर तुम्ही तिथेच थांबून सांगितलंत की आईंना घेऊन जाताय तर मधली घ्या आणि जमेल तेवढी खालच्या डेकची, बोट सी-सॉसारखी हलते, टोकाला बसलेला जास्त वरखाली होतो आणि मधल्याला फार काही कळत नाही. त्याच रात्री आम्ही केबिन बदलली. परत येताना एका रात्री बोट चांगलीच डुलत होती, वरच्या पुढच्या केबिनमधली मंडळी सकाळी पांढरीफटक होऊन नाश्त्याला आली आणि आमच्या सासूबाई उपमा खाऊन वर कॉफी मागत होत्या. त्यांना बोट लागली नाही काका! आयुष्यात पहिल्यांदा असेल, त्यांना तर अलिबागच्या एसटीतही गाडी लागते. गोळी तुम्ही सांगितलंत तशी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून, बीपीच्या औषधांबरोबर चालेल ना याची खात्री करून घेतली आणि बोट निघायच्या तासभर आधी दिली, कारण उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही हे तुमचं म्हणणं अगदी पटलं होतं. रिकाम्या पोटी राहायचं नाही, गरगरलं तर केबिनमध्ये मोबाइल बघत पडून न राहता डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघायचं, हेही सगळं पाळलं.

पण खरं थँक्यू त्या रविवारसाठी आहे. आमच्या बॅगा भरून तयार होत्या आणि तुम्ही येऊन म्हणालात, "सगळं दिवाणावर काढा." एवढं कोण करतं हो शेजाऱ्यासाठी? इस्त्री बाहेर, सासूबाईंची चहाची छोटी केटल बाहेर, एक्स्टेंशन बोर्ड बाहेर, देवापुढे लावायला घेतलेल्या उदबत्त्या आणि काडेपेटी बाहेर. सासूबाईंचा चेहरा पडला तेव्हा तुम्ही त्यांच्याशेजारी बसून नीट समजावलंत, की घरात आग लागली तर माणूस जिन्याने खाली पळतो, बोटीवर पळायला रस्ताच नसतो म्हणून बोटीवरची माणसं पाण्यापेक्षा आगीला घाबरतात, आणि बोटीचं वायरिंगपण घरासारखं नसतं त्यामुळे आपला बोर्ड तिथे तापू शकतो. नुसतं "अलाऊड नाही" म्हटलं असतंत तर त्यांनी केटल साडीत गुंडाळून परत घातली असती, मी ओळखते त्यांना. कारण कळल्यावर एका शब्दाने बोलल्या नाहीत.

डिंकाचे लाडू आणि मेथीच्या दशम्याही राहिल्या, घरचं शिजवलेलं बोटीवर नेऊ देत नाहीत आणि गेटवर बॅगा स्कॅन होतात हे तुम्ही सांगितलं नसतं तर तिथे लाइनीत उभं राहून डबे काढावे लागले असते. त्याऐवजी शुगर खाली गेली तर लागेल म्हणून सीलबंद बिस्किटांचे छोटे पुडे आणि ग्लुकोजची पाकिटं सासूबाईंच्या पर्समध्ये, माझ्या पर्समध्ये आणि ह्यांच्या खिशात अशी तीन ठिकाणी ठेवायला लावलीत. एक पुडा डेकवर कामाला आलाच, जेवणाला उशीर झाला होता.

आणि ती सुयांची बाटली. मला तुमचं ते बोलणं विसरता येत नाहीये. इन्सुलिनच्या पेनाच्या सुया वापरून झाल्या की कुठे टाकणार असं तुम्ही विचारलंत, मी म्हटलं डस्टबिनमध्ये, टोपण लावून. तुम्ही गप्प झालात आणि मग हळूच सांगितलंत की डस्टबिनची पिशवी हाताने दाबून बांधतात, टोपण निघालेलं असतं, तुमच्याबरोबरच्या एका पोराला अशी सुई टोचली होती आणि पुढचे कितीतरी महिने तो रिपोर्ट काय येतो या काळजीत होता, घरी बायको गरोदर. मग स्वतः वर जाऊन जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली घेऊन आलात, त्यावर मार्करने "सुया" असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलंत आणि चिकटपट्टी लावलीत. आम्ही ती बाटली रोज वापरली आणि भरलेली परत घरी आणून डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये दिली. घरीसुद्धा आता तसंच चालू आहे, कारण आपला कचरासुद्धा कोणीतरी हातानेच उचलतं ना.

लोहचुंबकाचे हुक! केबिनच्या भिंती लोखंडी असतात, खिळा ठोकता येत नाही पण चुंबक चिकटतो, हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तुम्ही दिलेल्या हुकांपैकी एकावर सासूबाईंची काठी, एकावर जपमाळेची पिशवी, एकावर ओले टॉवेल, आणि एवढ्याशा केबिनमध्ये तीन माणसं आणि एक पोर असूनही पायात काही येत नव्हतं. बाथरूमच्या दारात उंच उंबरठा असतो आणि आतल्या केबिनला खिडकी नसल्यामुळे रात्री डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही एवढा अंधार असतो, म्हणून सेलवरचा छोटा दिवा त्या उंबरठ्याशीच ठेवा असं तुम्ही म्हणालात. सासूबाई रात्री दोनदा उठतात. तो दिवा नसता तर त्या नक्की अडखळल्या असत्या, याची मला खात्री आहे.

बाकी बारीकसारीक किती सांगू. मोठ्या बॅगा टर्मिनलवर टॅग लावून जमा होतात आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, आधार कार्ड, एक जोडी कपडे आणि पोराचा स्विमिंगचा ड्रेस खांद्यावरच्या बॅगेत. पदराला पिना, कारण डेकवर वारा. आत एसी कडक म्हणून शाल. फोन बंदरातच एअरप्लेन मोडवर. शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायच्या असतात तेव्हा सकाळचे कपडे आणि सकाळच्या गोळ्या आत ठेवायच्या. आमच्या कॉरिडॉरमध्ये त्या सकाळी एक बाई खरंच रात्रीच्या गाऊनवर ओढणी घेऊन बॅग शोधत होत्या, माझ्याकडे जादाचा कुर्ता होता तो मी त्यांना दिला, तोही तुम्हीच जास्तीचा ठेवायला लावलेला.

आता सासूबाईंच्या भीतीबद्दल. त्यांचं माहेर रेवसच्या बाजूचं. त्यांच्या आईचा सख्खा चुलतभाऊ 'रामदास' नावाच्या बोटीच्या अपघातात गेला. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्या घरात गटारीला अजून कोणी गोडधोड करत नाही. आम्ही सगळे त्यांना म्हणत होतो की आई आता काळ बदललाय, कशाला घाबरता, आणि त्या मान हलवायच्या आणि रात्रभर जाग्या राहायच्या. तुम्ही एकदाही "घाबरू नका" म्हणाला नाहीत. तुम्ही आधी त्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलंत, त्या मामांचं नाव विचारलंत, तुमच्या मालवणकडेही जुनी माणसं रामदासचं नाव काढलं की कशी गप्प व्हायची ते सांगितलंत. आणि मग एकेक गोष्ट घेतलीत. ती बोट भर पावसाळ्यात, उधाणात गेली होती, तुमची क्रूझ हिवाळ्यातली आहे. तेव्हा लाट बसली आणि घाबरलेली माणसं एकाच बाजूला धावली, आता माणसांनी कुठे जमायचं ते आधीच ठरलेलं असतं, प्रत्येकाचं ठिकाण कार्डावर छापलेलं असतं, प्रत्येकाला लाइफ जॅकेट असतं. इटलीजवळ जानेवारी 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली आणि 32 माणसं गेली, त्या बोटीवर त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची ड्रिल, म्हणजे धोका आला तर काय करायचं याची तालीम, झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम बदलला आणि 2015 पासून ड्रिल बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते, हे तुम्ही सांगत होतात तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुम्ही त्यावेळी दुसऱ्या एका शिपवर होतात, आणि त्या आठवड्यात प्रत्येक पॅसेंजर तुम्हाला केबिनमध्ये बोलावून जॅकेट कुठे आहे विचारत होता म्हणालात.

मग तुम्ही आमच्या हॉलमध्ये तोंडाने बोटीचा धोक्याचा भोंगा वाजवून दाखवलात, सात छोटे आणि एक लांब, आणि सासूबाईंना बोटांवर मोजायला लावलंत. त्या हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. उशी छातीला बांधून जॅकेटचे पट्टे कसे ओढायचे तेही झालं. बोटीवर खऱ्या ड्रिलच्या वेळी आजूबाजूचे लोक सेल्फी काढत होते, काही जण तर केबिनमधून बाहेरच आले नव्हते, आणि आमच्या सासूबाई सगळ्यात पुढे उभं राहून मोजत होत्या आणि शेजारच्या कॉलेजच्या पोरींना सांगत होत्या, "अगं सात झाले, आता लांबचा."

त्यांना समुद्राला नारळ द्यायचा होता. बोटीवरून पाण्यात काहीही टाकायला बंदी असते, फूलसुद्धा नाही, हे तुम्ही सांगितलंत पण त्यांचं मन मोडू दिलं नाहीत, "खाडीपण त्याच दर्याची आहे वहिनी" म्हणून आदल्या रविवारी आपण सगळे ठाण्याच्या खाडीवर गेलो. आणि बॅलार्ड पिअरहून बोट सुटली की डाव्या बाजूला उभे राहा, रेवस, अलिबाग सगळं त्याच बाजूला येईल, उजवीकडे नुसती मुंबई दिसेल, हेही तुमचंच. अंधार पडत होता, त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, त्या बाजूला तोंड करून हात जोडले आणि मामांचं नाव घेतलं. मग स्वतःच म्हणाल्या, चला, भूक लागली.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाला मोठी बोट लांब उभी राहते आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, तिथे मला जास्त धाकधूक होती. तुम्ही शिकवलेलं तसं त्यांनी काठी आधी माझ्याकडे दिली, दोन्ही हात मोकळे ठेवले, खलाशाचा तळहात न धरता त्याच्या मनगटाच्या वर घट्ट धरलं आणि त्याने "आता" म्हटल्यावरच पाय टाकला. तो खलाशी मला म्हणाला, आजींना सवय दिसतेय! मागे पट्टा असलेल्या रबरी सोलच्या सँडल्स होत्या म्हणून पाय घसरला नाही, आणि पोवळ्यांच्या त्या खरखरीत किनाऱ्यावर आमच्या पोराच्या पायालाही साधा ओरखडा आला नाही. शंख-पोवळं काही उचलायचं नाही हे त्याला तुम्ही इतकं पक्कं सांगितलं होतंत की तो दुसऱ्यांच्या मुलांना थांबवत होता.

तुम्ही एवढं सगळं करून एकच गोष्ट मागितलीत. केबिन साफ करणाऱ्या पोराला नावाने हाक मारा, आणि शेवटच्या दिवशी फीडबॅकच्या फॉर्मवर त्याचं नाव स्पष्ट लिहा, कारण पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळताना ते बघतात. काका, आमच्या केबिनचा पोरगा कुडाळचा निघाला. घरी लहान मुलगी आहे, ती चालायला लागली ते त्याने व्हिडिओवर बघितलं. सासूबाई त्याच्याशी मालवणीत बोलायचा प्रयत्न करायच्या आणि तो लाजायचा. आम्ही नाव लिहिलं, पूर्ण नाव, आडनावासकट, आणि त्याने काय काय केलं तेही लिहिलं, अर्ध्या पानात मावलं नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. त्याला तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा त्याने तुम्ही कुठल्या कंपनीत होतात ते विचारलं आणि तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तो पोचवतेय.

तुम्ही वर्षाचे आठ-नऊ महिने लोकांच्या चादरी बदलत, त्यांच्या म्हाताऱ्यांना उंबरठा सांभाळा म्हणत काढलेत, काकूंनी इथे एकटीने दोन मुलं वाढवली, आणि त्या सगळ्यातलं जे शिकलात ते आमच्या दिवाणावर बसून आम्हाला असंच देऊन टाकलंत. आमची ट्रिप त्यामुळे झाली. नुसती चांगली झाली असं नाही, सासूबाई आल्याच नसत्या.

त्या तुमच्यासाठी आणि काकूंसाठी शनिवारी स्वतः जेवण करणार आहेत, सुरमई आणायला सांगितलीय, नाही म्हणू नका. आणि चौथ्या मजल्यावरचे डिसेंबरमध्ये त्यांच्या बाबांना घेऊन गोव्याच्या क्रूझला निघालेत, मी त्यांना सांगून ठेवलंय की बॅगा भरायच्या आधी काकांना भेटा. हुक आणि दिवा मी त्यांनाच देतेय, चालेल ना?

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सून