हेन्ली स्ट्रीटवरचं घर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शेक्सपिअरचं घर पाहून आले. फोनवर नुसतं ‘छान आहे’ म्हणाले, पण ते तेवढ्यावर भागणारं प्रकरण नाही.

स्ट्रॅटफर्ड हे एव्हन नदीकाठचं लहानसं गाव. घर म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यात काटक्या विणून, माती लिंपून केलेले कूड. या रस्त्यावर हे कुटुंब राहत होतं याचा सर्वांत जुना पुरावा कोणता असेल? दंडाची नोंद! शेक्सपिअरचे वडील जॉन यांनी 1552 मध्ये रस्त्यावर उकिरडा केला म्हणून त्यांना एक शिलिंग भरावा लागला. धंदा हातमोजे शिवण्याचा, कातडी कमावण्याचा. त्यामुळे घराला वासही चांगलाच येत असणार. थोरला मुलगा विल्यम जन्मला तो 1564 मध्ये.

वडील 1601 मध्ये वारले आणि घर विल्यमकडे आलं. त्याने त्यातला मोठा भाग सराईसाठी भाड्याने दिला. बहीण जोन मात्र इथेच राहायची. वर्षाला बारा पेन्स घेऊन तिला हयातभर राहू द्यावं, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं. मला त्याचं हे कलम फार आवडलं. पुढे घर तिच्याच वंशजांकडे गेलं आणि 1806 मध्ये विकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. एका बाजूला सराई, दुसऱ्या बाजूला खाटकाचं दुकान, असा सगळा कारभार!

तरी लोक बघायला यायचेच. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले अ‍ॅडम्स आणि जेफरसन 1786 मध्ये आले होते. ‘शेक्सपिअरची खुर्ची’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खुर्चीचा त्यांनी चक्क एक टवका काढून घेतला. तशी रीतच होती, असं अ‍ॅडम्सनी डायरीत लिहून ठेवलंय. पाहुणे भिंतींवर नावंही लिहायचे. 1820 च्या सुमारास भाडं वाढलं म्हणून घर सोडावं लागलेल्या मेरी हॉर्न्बी या भाडेकरणीने जाता जाता रागाने त्या सह्यांवर चुना फासला. आई, बाई खमकी होती! खिडकीच्या काचेवर कोरलेली नावं तेवढी वाचली. वॉल्टर स्कॉट, कार्लाइल अशी मोठी मंडळी त्यात आहेत. मी त्या काचेसमोरून हलेचना.

1847 मध्ये घराचा लिलाव झाला. सर्कसवाला बार्नम ते उचलून अमेरिकेला न्यायच्या बेतात होता म्हणे. मग इथल्या लोकांनी वर्गणी काढली, त्यात डिकन्सही होते, आणि 3,000 पौंडांना घर घेतलं.

आता थोडी निराशा. आज दिसतो तो दर्शनी भाग बराचसा त्यानंतरच्या दुरुस्तीतला, 1769 च्या एका चित्रावरून पुन्हा घडवलेला. मुळात हे घर रस्त्यावरच्या ओळीतलं होतं. आगीच्या भीतीने शेजारची घरं पाडली, म्हणून फोटोत ते असं सुटं दिसतं.

फोटो दादाला पाठवलेत, तो दाखवेल. पत्र मिळालं की कळवा.

तुमची,
धाकटी