गयानातील बेरीज

महोदय,

दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या २०२० च्या निवडणुकीचा विषय आपल्याकडे निघाला, की तो बहुधा ‘भारतीय वंशाचे विरुद्ध आफ्रिकी वंशाचे’ एवढ्यावरच थांबतो. देश पाच महिने कशावर अडकून पडला, ते राहूनच जाते. तो घोळ बेरजेचा होता.

तिथे कागदी मतपत्रिका मतदान केंद्रावरच मोजतात. केंद्राध्यक्ष ‘स्टेटमेंट ऑफ पोल’ हा तक्ता भरतो, पक्षांचे प्रतिनिधी सह्या करून प्रत घेतात, एक प्रत केंद्राबाहेर डकवली जाते. विभागाच्या निवडणूक अधिकाऱ्याने पुढे सर्वांसमक्ष या तक्त्यांची बेरीज करायची, इतकेच. २ मार्चच्या मतदानानंतर राजधानी जॉर्जटाउन ज्यात येते त्या देशाच्या चौथ्या विभागात मात्र तक्ते बाजूला ठेवून स्प्रेडशीटवरचे आकडे वाचले गेले आणि ते प्रतिनिधींच्या प्रतींशी जुळेनात. मुख्य न्यायाधीश रॉक्सेन जॉर्ज यांनी ११ मार्चला त्या आकड्यांवरची निकालाची घोषणा रद्द केली, तरी १३ तारखेला पुन्हा वादग्रस्त आकडेच जाहीर झाले: सत्ताधारी आघाडी १,३६,०५७, विरोधी पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी ७७,२३१.

कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेच्या देखरेखीखाली ६ मे ते ८ जून अशी देशभरच्या २,३३९ पेट्यांची फेरमोजणी झाली. त्यात याच विभागाचे आकडे निघाले १,१६,९४१ आणि ८०,९२०. म्हणजे दोघांमधले अंतर २२,८०५ मतांनी फुगवले गेले होते. देशभरात विरोधकांचे खरे मताधिक्य होते १५,४१६ मतांचे. सर्वाधिक मते मिळवणाऱ्या पक्षयादीचा अध्यक्षपदाचा उमेदवार थेट अध्यक्ष होत असल्याने एका विभागाची चुकीची बेरीज सत्ता फिरवायला पुरेशी होती.

त्यानंतरचा प्रकार मला अधिक गंभीर वाटतो. अपील न्यायालयाने राज्यघटनेतील ‘मते’ या शब्दाचा अर्थ ‘वैध मते’ असा लावताच मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या अहवालातून १,१५,००० हून अधिक मते वगळली गेली. मत वैध की अवैध हे मोजणीच्या टेबलावर ठरते, नंतर अहवाल लिहिताना नव्हे. गयानाचे अंतिम अपील न्यायालय असलेल्या कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसने ८ जुलैला अपील न्यायालयाचा तो निर्णय रद्द केला. २ ऑगस्टला विरोधी पक्षाचे उमेदवार इरफान अली यांचा अध्यक्ष म्हणून शपथविधी झाला.

या काळात न्यायालये, निरीक्षक, शेजारी देश सारेच धावून आले. पण आकडे खोटे आहेत हे पहिल्याच आठवड्यात दाखवता आले ते प्रतिनिधींनी जपलेल्या, सह्या असलेल्या त्या प्रतींमुळे. गयानाच्या बातमीत या तक्त्याचा उल्लेख आवर्जून यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे