कोळशाआधी तिथे कचेरी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॅक्डॉवेल काउंटीवरचा (काउंटी म्हणजे राज्याच्या पोटातला कारभाराचा विभाग) लेख वाचला. एक दिवस गप्प बसून पाहिले, जमले नाही. ‘कोळशाने जन्माला घातलेली काउंटी’ हे शीर्षक कोणाला सुचले तेवढे कळवावे. काउंटी झाली १८५८ साली, टॅझवेल काउंटी फोडून. एल्कहॉर्न खाडीचा, म्हणजे ओढ्याचा (खाडी हा शब्द तुमच्या लेखातला, समुद्र तिथून शेकडो मैल लांब आहे), तर त्या ओढ्याकाठचा कोळसा रेल्वेने बाहेर पडू लागला तो नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने डोंगर फोडून बोगदा काढल्यावर, १८८८ साली. म्हणजे लेकरू आईपेक्षा तीस वर्षांनी मोठे.

ही तीस वर्षे लेखकाने एका ओळीत उडवली आहेत. १८६० च्या शिरगणतीत तिथे १,५३५ माणसे होती, १८८० मध्ये ३,०७४. उतारावर मका, रानात डुकरे, बाकी जंगल. एवढ्या लोकांसाठी वेगळी काउंटी कशाला, असा कुत्सित प्रश्न लेखात आहे. कशाला म्हणजे? खरेदीखत नोंदवायचे, वारसाचे भांडण मिटवायचे, कोर्टाची तारीख गाठायची, हे सगळे डोंगर ओलांडून टॅझवेलला जाऊन करायचे. त्या डोंगराळ मुलखातल्या काउंट्या फुटत गेल्या त्या मुख्यतः कचेरी लांब पडते म्हणून. लेखक महाशय बहुधा कधी तलाठ्याकडे गेलेले नसावेत.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझी मुलगी डॉक्टर आहे. अमेरिकेच्या मागास भागात तीन वर्षे काम केले की व्हिसाची एक अट माफ होते, त्यामुळे आपल्याकडची बरीच डॉक्टर मंडळी त्या डोंगरांत जाऊन पोचली आहेत, त्यांतली ती एक. मी तिच्याकडे गेलो तेव्हा शेजारच्या वेल्च गावी जाऊन काउंटीची कचेरी मुद्दाम पाहिली. दगडी इमारत, चढावर. १९२१ मध्ये सिड हॅटफिल्डला, म्हणजे खाणकामगारांची बाजू घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला, ज्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या त्या दाखवायला सगळे पुढे. मी खतांची दफ्तरे मागितली तेव्हा मात्र तिथली बाई माझ्याकडे बघतच राहिली. एकेक वही दोन हातांनी उचलावी लागते. जुन्या हद्दी झाडांवरून लिहिलेल्या: या पांढऱ्या ओकपासून त्या चेस्टनटपर्यंत इतके पोल, मग ओढ्याने खाली. पोल म्हणजे साडेसोळा फूट. पुढे रोग पडून तिकडचे चेस्टनट जवळजवळ सगळे मेले. आता शोधा हद्दीची खूण! मी ३१ वर्षे मोजणी खात्यात काढली, मला तिथून उठवत नव्हते.

त्या दफ्तरांचीच गोष्ट लेखात नाही. कचेरी आधी पेरीव्हिलला होती. १८९२ मध्ये मतदान होऊन ती वेल्चला न्यायचे ठरले, तेव्हा वेल्चला नगर म्हणून मान्यतासुद्धा नव्हती. निकालावरून भांडण पेटले. मारामारी नको म्हणून रात्रीच्या अंधारात दोन घोडागाड्यांत दफ्तर भरून गुपचूप वेल्चला आणले.

हे वाचले तेव्हा मला हसू आले नाही, राग आला. आमचा तालुका फुटला १९९९ साली. नवे तहसील कार्यालय जुन्यापासून बावीस किलोमीटरवर. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावायला गेलो तर नवे कार्यालय म्हणे, जुना फेरफार जुन्याकडे. जुने म्हणे, आम्ही केव्हाच पाठवला, ही जावक वही. मी स्वतः सरकारी नोकर, तरी चार वर्षे एस.टी.ने हेलपाटे घातले. शेवटी एका शिपायाने जिन्याखालचे गाठोडे सोडून दाखवले. फडके तांबडेच होते, आतल्या फेरफाराच्या पानांचा निम्मा भाग वाळवीने खाल्लेला. नेमका आमच्या गटाचा. त्या लोकांनी दोन गाड्यांत एका रात्रीत काउंटीभरचे कागद हलवले. आमच्याकडे बावीस किलोमीटरला चार वर्षे लागली, तेही कोणी अडवायला उभे नसताना.

आणखी एक. ज्याच्या नावाने ते गाव आहे त्या कॅप्टन आयझाया वेल्चला लेखात ‘कोळसा कंपनीचा माणूस’ म्हणून निकालात काढले आहे. तो मोजणीदार होता. जेडेडाया हॉचकिस या नकाशाकाराने त्याला १८७३ मध्ये हा मुलूख पाहायला पाठवले आणि कोळशाचे थर किती जाड आहेत ते त्याने कागदावर आणले. मोजणीदाराचे नाव गावाला मिळाल्याची उदाहरणे आपल्याकडे किती आहेत ते संपादकांनीच सांगावे.

कोळशाने काउंटी फुगवली, हे मान्य. १९१० मध्ये ४७,८५६ माणसे, १९५० मध्ये ९८,८८७. पण २०२० चा आकडा १९,१११ आहे आणि १९०० चा होता १८,७४७. कोळसा आला नि गेला, माणसांचा आकडा होता तिथे परत आला. लेखकाने हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर दोन पाने लिहावी लागली नसती.

जाता जाता: एकाच लेखात काउंटीला एकदा ‘जिल्हा’, एकदा ‘परगणा’ आणि फोटोखाली चक्क ‘गाव’ म्हटले आहे. मुद्रितशोधन खाते बंद केले आहे काय? तसे असेल तर बुधवारच्या शब्दकोड्यात ‘उभे शब्द’ छापलेच नव्हते, त्याचाही उलगडा होईल. उत्तरे मात्र गुरुवारी न चुकता आली.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक